तारांखालचे रान: काय काढायचे, काय राखायचे

वीजवाहिन्यांखालच्या झाडीबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत. वाचकांची नावे दिलेली नाहीत, फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न (संगमेश्वर): आमच्या वाडीवरून ३३ केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन जाते. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ठेकेदाराची माणसे येतात आणि लाइनखालचे सगळे रान जमिनीलगत साफ करून जातात. गणपतीपर्यंत सुबाभूळ, ऐन, किंजळ पुन्हा डोक्याच्या वर गेलेली असतात. हे चक्र थांबवता येईल का?

उत्तर: येईल, पण त्यासाठी आधी सरसकट साफसफाई थांबवावी लागेल. ऐन, किंजळ, साग, सुबाभूळ, गिरिपुष्प या झाडांना बुंध्यापासून फुटण्याची जबर ताकद असते. वर खोड उरले नाही तरी खाली अनेक वर्षांची मुळी शाबूत असते. ती आपला सगळा साठा नव्या फुटव्यांत ओतते, म्हणून एका खोडाच्या जागी पाच-सहा फुटवे येतात आणि तेही पहिल्या खोडापेक्षा वेगाने वाढतात. त्याच कोयत्याने करवंद, धायटी, दिंडा, मुरुडशेंगही कापली जाते. ही झुडपे तारेपर्यंत कधी पोचलीच नसती. ती गेली की जमिनीवर ऊन पडते आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहिलेले सुबाभळीचे बी पहिल्या पावसात उगवते. म्हणजे दरवर्षीची तोड उंच झाडांनाच जागा करून देते.

शेतकऱ्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन नवे नाही. कीड ओळखायची, शेतात फिरून तिची संख्या पाहायची, नुकसानीची पातळी ओलांडली तरच हात उचलायचा, आणि मशागतीचे, यांत्रिक व जैविक उपाय आधी करून रसायन शेवटी वापरायचे. लाइनखाली हीच पद्धत चालते. येथे कीड म्हणजे तारेपर्यंत पोचू शकणारे झाड. करवंद, धायटी, निर्गुडी ही मंडळी मित्रकीटकांच्या जागी आहेत. ती दाट राहिली तर उंच झाडाच्या रोपाला उजेड मिळत नाही.

या विचाराला जुना आधार आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका उच्चदाब वाहिनीखाली १९५३ मध्ये विल्यम ब्रॅम्बल आणि विल्यम बर्न्स यांनी प्रयोग सुरू केले. तणनाशकामुळे शिकारीच्या प्राण्यांचा निवारा जाईल, अशी तेथील शिकाऱ्यांची तक्रार होती. तिच्यातूनच हे काम उभे राहिले. अनेक दशकांच्या नोंदींतून दिसले ते असे की उंच झाडे तेवढी निवडून काढली आणि खालचे झुडूप-गवत राखले, तर नवी झाडे शिरायला फारसा वाव उरत नाही. त्यातूनच लाइनखालच्या राखीव जागेचे, म्हणजे पट्ट्याचे, दोन भाग करण्याची रीत आली. तारांच्या थेट खाली आणि कडेच्या तारेपासून बाहेर सुमारे तीन मीटरपर्यंत गवत व बुटकी झुडपे ठेवायची. तिथून पट्ट्याच्या हद्दीपर्यंत थोडी उंच झुडपे आणि लहान झाडे चालतात.

तुमच्याकडे सुरुवात मेमध्ये करू नका. ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस संपून पाने अजून झाडावर असताना पट्टा चालत जा. मेमध्ये निष्पर्ण ऐन आणि निष्पर्ण झुडूप मजुराला सारखेच दिसते. काढायच्या झाडाला लाल रंगाचा पट्टा मारा आणि राखायच्या झुडपांना हात लावू नका, असे टोळीला तोंडी नव्हे, जागेवर फिरवून दाखवा. लाल पट्ट्याची झाडे दहा सेंटिमीटर बुंधा ठेवून कापा आणि बुंध्याचे पुढे काय करायचे ते खाली निफाडच्या उत्तरात पाहा. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची सुबाभळीची रोपे कापायचीच नाहीत. जूनमध्ये माती भिजली की ती मुळासकट उपटून निघतात. गुडघाभर उंचीची असताना एक मजूर दिवसभरात मोठा तुकडा मोकळा करतो, छातीएवढी झाली की कुदळ लागते.

शेळ्या असतील तर सुबाभळीचे कोवळे फुटवे त्यांना जागेवरच खाऊ द्या. मात्र त्यात मिमोसीन हे विषारी द्रव्य असते, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर सुबाभूळ जाऊ देऊ नये. वारंवार खुडल्याने मुळीचा साठा संपत जातो.

पहिली दोन वर्षे मजुरी कमी होणार नाही, उलट थोडी वाढेल. निवडून कापणे हे सरसकट कापण्यापेक्षा सावकाश होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून काढण्याजोगी झाडे घटू लागतात. खरी अडचण ठेक्याच्या अटींत असते. साफ केलेल्या किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर ठेकेदार सगळेच कापणार. देयक निघण्यापूर्वी ‘पट्ट्यात तीन मीटरपेक्षा उंच जाणाऱ्या जातीचे जिवंत बुंधे किती उरले’ हे मोजण्याची अट घालायला ग्रामपंचायतीने ठरावाने विनंती करावी. आणि एक लक्षात असू द्या: घाटात जिथे तार दरीवरून जाते तिथे झाडांचे शेंडे तारेच्या कितीतरी खाली असतात. तिथे कोयता लावायचे काहीच कारण नाही. तरीही पट्टा म्हणजे पट्टा या हिशेबाने तिथली जुनी झाडे पडतात, याचे फार वाईट वाटते.

प्रश्न (वाळवा): झाड तारेपासून किती दूर असले म्हणजे पुरे? आणि तारेची उंची खालून कशी मोजायची?

उत्तर: केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने २०१४ मध्ये वनक्षेत्रातील वाहिन्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यातले तार आणि झाड यांच्यातील किमान अंतर असे: ११ केव्हीला २.६ मीटर, ३३ केव्हीला २.८, १३२ केव्हीला ४, २२० केव्हीला ४.६ आणि ४०० केव्हीला ५.५ मीटर. पट्ट्याची रुंदी ११ केव्हीला ७ मीटर, ३३ ला १५, १३२ ला २७, २२० ला ३५ आणि ४०० ला ४६ मीटर. खासगी जमिनीतही हेच आकडे धरून चालावे.

हे अंतर तार सर्वांत खाली आलेली असताना आणि वाऱ्याने झुलत असताना शिल्लक राहिले पाहिजे. हिवाळ्यातल्या सकाळी पाहिलेली तार आणि एप्रिलच्या दुपारी पूर्ण भारावर असलेली तार यांत मोठ्या गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) २२० केव्ही लाइनवर एक-दोन मीटरचा फरक सहज पडतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात ३४५ केव्हीच्या वाहिन्या अशाच खाली आल्या आणि वाढू दिलेल्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडल्या. त्या दिवशी अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या तारांवर त्यांच्या क्षमतेबाहेरचा भार नव्हता.

आता हिशेब करू. समजा ३३ केव्हीची तार गाळ्याच्या मध्यावर सकाळी ६.५ मीटरवर आहे. दुपारच्या झोळासाठी ०.६ मीटर वजा करा, उरले ५.९. त्यातून २.८ गेले की ३.१ मीटर. पुढची तोड होईपर्यंत झाडाने ही उंची ओलांडता कामा नये. सुबाभळीचा फुटवा वर्षात तीन मीटर आणि त्याहूनही जास्त जातो. म्हणजे मेमध्ये जमिनीलगत कापली तरी पुढच्या मेपर्यंत ती हद्दीवर येऊन ठेपते, त्यामुळे सुबाभूळ छाटायची नसते, काढायचीच असते. करवंद सहसा दोन-अडीच मीटरवर थांबते, त्याला कापण्याचे कारण नाही. निर्गुडी तीनच्या पुढे जाऊ शकते, म्हणून ती मध्यावर नको, खांबाजवळ चालेल, कारण तिथे तार उंच असते.

उंची मोजण्यासाठी शाळेच्या कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या पुरतो. त्याची एक काटकोनी बाजू आडवी, अगदी समपातळीत धरा आणि तिरक्या बाजूवरून वर पाहा. लाइनला काटकोनात मागे सरकत जा. तार नेमकी त्या रेषेत आली की थांबा. तारेच्या थेट खालच्या बिंदूपासून तुमच्या पायापर्यंतचे अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, ही तारेची उंची. जमीन उताराची असेल तर हा हिशेब चुकतो, तेव्हा सपाट बाजू निवडा. लाइन कर्मचाऱ्यांकडे अल्ट्रासॉनिक केबल हाइट मीटर असते, ते जमिनीवरून तारेची उंची थेट दाखवते. काहीही झाले तरी बांबू, लोखंडी टेप किंवा आंबे काढायची ॲल्युमिनियमची काठी वर नेऊन मोजू नका. ओला बांबू वीज वाहून नेतो.

प्रश्न (निफाड): शेजारच्या लाइनखाली तणनाशक फवारले आणि आठ दिवसांत माझ्या द्राक्षाची शेंड्याची पाने पंख्यासारखी आखडली. लाइनखाली तणनाशक वापरूच नये का?

उत्तर: वर्णनावरून हा २,४-डी या तणनाशकाच्या वाऱ्यावर आलेल्या अंशाचा परिणाम वाटतो. पानाच्या शिरा जवळजवळ येऊन समांतर दिसतात, पान अरुंद होते, कडा दातेरी होतात. द्राक्ष आणि कापूस ही दोन पिके या रसायनाला कमालीची नाजूक आहेत. कापसात पाने बेडकाच्या पंजासारखी फाटतात. २,४-डी चा इथाइल इस्टर हा प्रकार उन्हात वाफ होऊन उडतो, त्यामुळे फवारणी संपल्यावरही त्रास होतो. अमाइन सॉल्ट कमी उडते, पण वाऱ्यावर तेही येते. द्राक्षाच्या किंवा कापसाच्या पट्ट्यात लाइनखाली २,४-डी फवारणे आम्हाला मुळीच मान्य नाही. बाधित पानांचे रोजच्या रोज फोटो काढा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून लवकर पंचनामा करून घ्या. लक्षणे जुनी झाली की कारण सिद्ध करणे कठीण जाते.

रसायन वापरायचेच झाले तर ते बुंध्याला लावायचे, फवारायचे नाही. रीत अशी: बुंधा जमिनीपासून पाच-दहा सेंटिमीटरवर आडवा, सपाट कापा. भुसा पुसून घ्या. ग्लायफोसेट ४१ टक्के एसएल (पाण्यात मिसळणारे द्रवरूप तणनाशक) आणि स्वच्छ पाणी निम्मे-निम्मे करून ब्रशने लावा आणि तेही कापल्यापासून पाच-दहा मिनिटांत. उशीर झाला की कापलेली जागा आपोआप बंद होते आणि औषध आत जात नाही. लहान बुंध्यावर सगळीकडे लावा. मोठ्या बुंध्यावर सालीच्या आतली दोन-तीन सेंटिमीटरची कडा पुरते, मधले लाकूड मेलेलेच असते, तिथे औषध वाया जाते. द्रावणात थोडा खाण्याचा रंग टाकला की कोणते बुंधे झाले ते कळते.

हे काम फसण्याची कारणे ठरलेली आहेत. गढूळ पाणी वापरले तर ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होते. पावसाळ्यात लेप धुऊन जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी फुटताना रस वर चढत असतो, तेव्हा औषध मुळीपर्यंत पोचत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ चांगला, झाड साठा खाली नेत असते आणि औषधही त्याच्याबरोबर जाते. सुबाभळीवर एक लेप बहुतेक वेळा पुरत नाही, दीड-दोन महिन्यांनी फुटवे आलेले बुंधे शोधून पुन्हा कापून लावावा लागतो. द्रावण प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. जस्ताच्या बादलीत त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. विहीर, ओढा, शेततळे यांच्या काठावर हे करू नका. हातमोजे, गमबूट आणि चष्मा पाहिजेच.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा असे ठरवले. त्यामुळे ठेकेदाराकडे तसा परवाना आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सध्याची स्थिती जिल्ह्याच्या कृषी विभागातील गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकाकडून समजते. पॅराक्वाट हे तणनाशक मात्र कोणी सुचवले तरी घेऊ नका. ते फक्त पाने जाळते, मुळी जिवंत राहते. पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही.

झाडाची साल गोलाकार काढून ते वाळवायची पद्धतही काही ठिकाणी आहे. लाइनच्या आसपास ती अजिबात नको. उभे वाळलेले झाड कोणत्या वादळात कोणत्या बाजूला पडेल, याचा भरवसा नसतो.

प्रश्न (भोर): २२० केव्ही लाइनखालच्या आमच्या गवताळ पडीक जमिनीत टणटणी आणि रानमोडी माजली आहे. जाळली तर चालेल?

उत्तर: लाइनखाली काहीही जाळू नका. धूर आणि ज्वाला यांमुळे तारेभोवतीच्या हवेची रोधक ताकद घटते आणि तारेतून जमिनीकडे ठिणगी झेपावते. शिवाय आगीनंतर टणटणी बुंध्यापासून आणखी जोमाने फुटते.

टणटणीला प्रा. सी. आर. बाबू यांनी दिल्ली विद्यापीठात विकसित केलेली मूळ तोडण्याची पद्धत लागू पडते. टणटणी फुटते ती खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीपासून. म्हणून जमिनीच्या वर कापण्यात अर्थ नाही. दोन माणसे लागतात. एकाने झुडूप वाकवून धरायचे, दुसऱ्याने कुदळीने जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे. मग झुडूप उलटे, मुळे आकाशाकडे करून ठेवायचे. सरळ ठेवले तर ओल्या मातीत फांद्यांना मुळे फुटतात. जून-जुलैत माती मऊ असताना आणि फळे पिकण्यापूर्वी हे करा. बुलबुल, मैना फळे खाऊन बी पसरवतात, म्हणून पक्षी बसतात त्या मोठ्या झाडांखाली आणि तारांखाली पुढची दोन वर्षे नवी रोपे शोधून उपटत राहा.

रानमोडीला खोल मूळ नसते. ओल्या जमिनीतून ती हाताने निघते. ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुलते, त्याआधी काढली पाहिजे. राहिली तर फेब्रुवारीत वाळून वणव्याला सरपण होते.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका, पहिल्याच पावसात तण परत येईल. पवन्या, मारवेल या गवतांची ठोंबे लावा किंवा स्टायलो हेमाटा या चारापिकाचे बी फेका. गवत धरले की दोन वर्षांत नवी टणटणी कमी उगवते आणि चाराही मिळतो. कारवी असेल तर तिला अजिबात तोडू नका. तिची उंची २२० केव्हीच्या तारेला सहसा धोक्याची नसते, तरी गाळ्याच्या मध्यावर अंतर मोजून पाहा.

प्रश्न (कुडाळ): बांबूचे बेट ११ केव्हीच्या तारेला लागते. मेमध्ये छाटूनही ऑगस्टमध्ये पुन्हा ठिणग्या.

उत्तर: झाडाचे वेळापत्रक बांबूला लागू होत नाही. बांबूचा कोंब जमिनीतून निघाला की दोन-तीन महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो उंच होत नाही, फक्त टणक होतो. तुमची मेची छाटणी संपते आणि जूनच्या अखेरीस नवे कोंब निघतात. ऑगस्टमध्ये तारेला लागतो तो मेमध्ये नव्हताच.

म्हणून जुलै ते सप्टेंबर दर आठ-दहा दिवसांनी बेटाभोवती फेरी मारा आणि तारेच्या बाजूचे कोंब गुडघ्याएवढे असतानाच मोडा. तेव्हा ते हाताने तुटतात आणि भाजीलाही चालतात. कमरेएवढे झाले की कोयता लागतो, आणि दोन आठवडे दुर्लक्ष झाले तर लाइन बंद करून घ्यावी लागते. बेट कायमचे काढायचे असेल तर सगळ्या काठ्या कापा, पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत येणारा प्रत्येक कोंब मोडत राहा. कोंब दरवर्षी बारीक होत जातात, ते कंद थकल्याचे लक्षण. यंत्राने कंद खणून काढता येतात, पण खांब आणि त्याला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेपासून दूर राहूनच. बेट हलवायचे असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर कंद काढून लाइनपासून बांबूच्या उंचीइतक्या अंतरावर लावा. वाऱ्यापावसाने ओथंबलेली काठी आडवी वाकते, म्हणून दोन-चार मीटरची सूट पुरत नाही.

प्रश्न (देवगड): हापूसच्या बागेवरून ११ केव्ही लाइन आहे. दरवर्षी माणसे येऊन शेंडे सरळ रेषेत कापतात आणि झाडावर नुसते फुटवे येतात. योग्य छाटणी कशी असते?

उत्तर: फांदी अधेमधे तोडली की तोडलेल्या टोकाखालचे झोपलेले डोळे एकदम जागे होतात आणि सरळ वर जाणारे फुटवे देतात. त्यांना मोहोर येत नाही, आणि वर्षभरात ते पुन्हा तारेला लागतात. फांदी नेहमी तिच्या एखाद्या उपफांदीपर्यंत मागे कापावी. ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची आणि तारेपासून दूर जाणारी असावी. मग झाडाचा जोर तिकडे वळतो.

जाड फांदी तीन कापांत काढा. आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप म्हणजे फांदी साल न ओरबाडता पडते, शेवटी उरलेला तुकडा फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढा. ते कडे कापले तर जखम भरत नाही. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पालवी काढू नका. जखमेवर दहा टक्के बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. पेस्ट त्याच दिवशी लावा. ताज्या जखमेच्या वासावर खोडकिडा येतो. खोडावर भुसा दिसला की भोक शोधून अळी काढा.

वाढ रोखण्यासाठी कोकणातल्या बागायतदारांच्या हाताशी असलेले औषध म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, आपल्याकडे सर्रास ‘कल्टार’ म्हणतात ते. मोहोरासाठी ते वापरतात, पण त्याने पालवीची लांबीही कमी होते. अमेरिकेत तारांजवळच्या झाडांसाठी हेच द्रव्य वापरले जाते. मात्रा झाडाच्या विस्ताराच्या सरासरी व्यासाच्या दर मीटरला ३ मिली, वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. बुंधा आणि पसाऱ्याची कडा यांच्या निम्म्या अंतरावर गोलाकार २५-३० ठिकाणी १०-१२ सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन पाण्यात मिसळलेले द्रावण त्यात सारखे वाटून ओता. अशक्त झाडाला देऊ नका, आणि खतांची मात्रा पूर्ण द्या. छाटणीला हा पर्याय नाही, छाटणीनंतरचा जोर आवरायला मदत होते एवढेच.

तारेच्या तीन मीटर आत गेलेली फांदी तुम्ही किंवा तुमच्या गड्याने तोडायची नाही. त्यासाठी १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि जनमित्राकडून (महावितरणच्या लाइनमनकडून) रीतसर लाइन बंद करून घ्या. एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडायचा स्विच) उघडला म्हणजे लाइन मेली असे नव्हे. जवळच्या घरातला जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा प्रवाह सोडू शकतो. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय झाडावर कोणी चढू नये. बागेतले नारळ तारेत गेले असतील तर छाटणीचा विचार सोडा. नारळाला वाढीचा एकच शेंडा असतो, तो तोडला की झाड मरते.

प्रश्न (शिरोळ): उसाच्या शेतावरून ११ केव्ही लाइन खाली आली आहे. ऊस काढल्यावर पाचट पेटवले तर लाइन बंद पडते, आणि वाऱ्यात तारा एकमेकींना लागून उसालाच आग लागण्याची भीती.

उत्तर: दोन्हींचे मूळ एकच, तार खाली आहे. शेतावरील ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटरवर हवी. नेमक्या ४.६ मीटरवर असली तरी २.६ वजा करता खाली दोनच मीटर उरतात आणि ऊस तर तीन-चार मीटर होतो, तुरा वेगळाच. म्हणून गाळ्याच्या मध्ये जादा खांब आणि तारांमध्ये स्पेसर (तारा एकमेकींना लागू न देणारे तुकडे) यांची मागणी लेखी करा, मोजलेली उंची आणि खांबांचे क्रमांक लिहून. तोवर तारांखालच्या सरींत सोयाबीन, हरभरा, भाजीपाला अशी बुटकी पिके घ्या. पाचट सरीआड दाबा, युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाका, पेटवू नका.

प्रश्न (आजरा): लाइन आली तेव्हा माझी काजूची झाडे होती. आता ती तोडणार म्हणतात. भरपाई मिळते का? आणि त्याजागी काय लावू?

उत्तर: विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६८ नुसार लाइनला अडथळा ठरणारे झाड काढण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा नेमलेला प्राधिकारी देऊ शकतो. झाड लाइनच्या आधीचे असेल तर त्याच कलमात वाजवी भरपाईची तरतूद आहे. लाइननंतर लावलेल्या झाडाला ती लागू होत नाही. म्हणून झाडाचे वय हा कळीचा मुद्दा. सातबाऱ्यावरील फळझाडांची नोंद, रोपवाटिकेची पावती, जुने फोटो जमवा. पंचनाम्यात झाडांची संख्या, घेर, वय आणि उत्पन्न लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

नवी लागवड तारेची उंची मोजूनच ठरवा. छाटून ठेवलेले कागदी लिंबू, डाळिंब, सीताफळ व कढीपत्ता, तसेच अडुळसा, शतावरी, गवती चहा, कोरफड ही उच्चदाब लाइनखाली चालतात. शेवगा लोक हौसेने लावतात, पण तो वर्षात तारेकडे धावतो, दर चार-पाच महिन्यांनी छाटणार असाल तरच लावा. वनजमिनीतून जाणाऱ्या लाइनखाली बुटक्या, शक्यतो औषधी जातींची लागवड करण्याची अट परवानगीतच असते, ती पाळली जाते का हे वन समितीने विचारावे.

प्रश्न (चिपळूण): खांबाच्या ताणाच्या तारेवर गुळवेल चढली आहे. ओढून काढू का?

उत्तर: ओढू नका. वेल वर लाइनच्या तारेला टेकली असेल तर ओढताना ती वीज तुमच्या हातात येते. शिवाय ताणाच्या तारेत मध्ये जो अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर असतो, ओली वेल त्याला वळसा घालून वरची वीज खालच्या भागात आणू शकते. वेलीचे टोक इन्सुलेटरच्या वर गेलेले दिसले तर ताणाच्या तारेला स्पर्शही न करता जनमित्राला कळवा, जनावरे तिथून दूर बांधा. टोक इन्सुलेटरच्या बरेच खाली असेल तर कोरड्या दिवशी, ताणाला हात न लावता, जमिनीलगत वेल दोन ठिकाणी कापून मधला हातभर तुकडा काढून टाका. गुळवेल वरून हवेतली मुळे सोडून पुन्हा जमीन गाठते, म्हणून पंधरा दिवसांनी खाली लोंबणारे धागे दिसतात का ते पाहा. वरचा भाग वाळून आपोआप गळतो.